वाचून दाखवायची राहिलेली चिठ्ठी

पंतोजी त्या दिवशी तुरुंगात निघाले ते रोजच्यासारखेच. पिशवीत कोरे कागद, दोन पेनं, अंगठ्याच्या शाईची डबी आणि खिशात घडी घातलेला रुमाल. रुमालाचा एक कोपरा उसवला होता. घरात पांढरा दोरा सापडेना, म्हणून बायकोने सकाळी तो निळ्याने शिवून हातात दिला होता. "तुमचा रुमाल कोण बघायला बसलंय," असंही वर ऐकवलं होतं.

पंतोजी हे काही त्यांचं नाव नव्हे. तुरुंगात कैद्यांना मारहाण होते, पहारेकरी हात ओले करून घेतात, कधी एखादा कोठडीत मरतो. या सगळ्याची चौकशी करणारं एक लहानसं कार्यालय होतं. तिथे तेवीस वर्षं काढून त्यांनी इतक्या जणांना जबाब घ्यायला शिकवलं होतं की त्यांना सगळे पंतोजीच म्हणायला लागले. त्यांचा धडा एकच होता. जबाब लिहून झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, "बरोबर आहे?" असं विचारायचं, आणि समोरचा "बरोबर आहे" म्हणाला तरच अंगठा घ्यायचा. बरेचसे कैदी अंगठेबहाद्दर. त्यांच्याबद्दल लोकांनी आयुष्यभर कागद रंगवलेले असतात, पण त्यात काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आपलंच बोलणं परत कानावर पडलं की माणूस खरं बोलायला लागतो, असं पंतोजी सांगत.

म्हणजे दुसऱ्यांना सांगत. स्वतः त्यांनी हे कधीच सोडून दिलं होतं. खाली 'वाचून दाखवला, बरोबर आहे' एवढी ओळ खरडायची आणि अंगठा उमटवून घ्यायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आणि मग मेहुणा आला. सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अर्ज पंतोजींनीच भरायला लावला, हाताला धरून काम त्यांनीच शिकवलं. बाकीचे शागीर्द तो धडा ऐकायचे आणि विसरायचे. हा पठ्ठ्या तो पाळत बसला. एकेका जबाबाला दोन-दोन तास. तीन वर्षांत असं झालं की साहेबांपुढे तोंड न उघडणारे कैदी याच्यापुढे भडाभडा बोलू लागले. कैदी एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवले जातात, त्यांच्यासोबत त्याचं नावही गावोगाव गेलं. कानामागून आला आणि तिखट झाला. पूर्वी ऑफिसात त्याची ओळख 'पंतोजींचा मेहुणा' अशी करून देत. हल्ली नव्या माणसाला सांगत, "हे पंतोजी, आपल्या मेहुण्याचे दाजी." सगळे हसत. पंतोजीही हसत, आणि मग दिवसभर त्यांच्या पोटात दुखत राही.

घरीही सुटका नव्हती. मेहुणा एकटा राहायचा, म्हणून संध्याकाळी जेवायला बहिणीकडे. तव्यावरचं गरम त्याच्या पानात पडायचं आणि आधीचं गार यांच्या. बावन्न वर्षांचा माणूस असल्या गोष्टी मोजतो याची पंतोजींना स्वतःचीच लाज वाटे, पण लाज वाटली म्हणून जळणं थांबत नाही. उलट आतल्या आत धुमसत राहतं.

तर ती चिठ्ठी. तुरुंगातल्या तक्रारपेटीतली पाकिटं न उघडता कार्यालयात येत, आणि ज्येष्ठ म्हणून पंतोजींच्या टेबलावरून ज्याची त्याला जात. एके सकाळी त्यांत एक पातळसं पाकीट निघालं. वर लिहिलं होतं, 'ऐकून घेणाऱ्या साहेबांना द्यावे.' मागे लिहिलं होतं, 'शिक्षेच्या कोठड्या, खोली सात.' साहेबांचं नाव नव्हतं. मेहुण्याचं नाव लागतंय कशाला, पंतोजी मनाशी म्हणाले, आता नुसतं 'ऐकून घेणारे' म्हटलं की पुरतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पाकीट त्यांनी ड्रॉवरच्या तळाशी टाकलं. राहू दे दोन दिवस, काही मरत नाही कोणी.

दोनाचे अकरा दिवस झाले. त्या अकरा दिवसांत कधीतरी खोली सातमधला कैदी मेला.

त्याला दमा होता. श्वास लागला की ओढायचा पंप त्या कोठड्यांवरच्या हवालदाराने काढून घेतला होता, अशी कुजबुज होती. हवालदार म्हणत होता, पंप त्याने कधी मागितलाच नाही, त्याची काही तक्रारच नव्हती, असेल तर दाखवा. चौकशी मेहुण्याकडे गेली. तो त्याच दिवशी जाऊन कोठडी बघून आला, आणि रात्री जेवताना म्हणाला, "दाजी, एका ओळीची तक्रार जरी कागदावर मिळाली ना, तर हा हवालदार सुटत नाही. नाही मिळाली, तर महिन्याभरात परत त्याच कोठड्यांवर उभा असेल तो." पंतोजींनी पानातून डोकं वर केलं नाही. पाकीट अजून ड्रॉवरमध्येच होतं. ते उघडायची हिंमत होत नव्हती, आणि फाडायची तर त्याहून नाही. ते बाहेर आलं असतं तर तेवीस वर्षांची नोकरी आणि घरातली मान, दोन्ही एका दिवसात गेली असती.

म्हणून त्या दिवशी, मेहुणा कोर्टात अडकलेला बघून, ते तुरुंगात निघाले. चिठ्ठी पाठवल्याचं आत कोणाला ठाऊक आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दुपारच्या बंदीची वेळ होती. त्या वेळी गिनती होते, सगळ्यांना बराकीत कोंडतात, आणि दोन हजार माणसांचा तुरुंग तीन तास गप्प होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. शिपायाने शिक्षेच्या कोठड्यांचं फाटक उघडलं आणि आत पाऊल टाकताच पंतोजींना काही दिसेनासं झालं. लांबट बोळ, एका बाजूला ओळीने आठ लोखंडी दारं. प्रत्येक दाराला कमरेइतक्या उंचीवर ताट सरकवण्यापुरती खिडकी. फिनेलचा वास येत होता, आणि त्याखाली ओल्या भिंतीचा. शिपायाने एक स्टूल आणून ठेवलं. आठव्या खोलीत तेवढे आजोबा आहेत म्हणाला, तासाभरात येतो म्हणाला, आणि फाटकाला बाहेरून कुलूप लावून गेला. त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही संपला.

आजोबा म्हणजे जन्मठेपेचा म्हातारा कैदी. चार अक्षरं येत असल्यामुळे तुरुंगभर लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. पंतोजींनी त्याच्या खिडकीशी वाकून गोड आवाजात चौकशी केली. शेजारच्याने कुठे काही लिहून पाठवलं होतं का? म्हातारा आत भिंतीला टेकून बसला होता. त्याने मानही वळवली नाही.

"ते मी ऐकून घेणाऱ्या साहेबांना सांगेन."

"अहो, त्याला मीच शिकवलंय."

"मग तुम्हाला ठाऊक असेलच, कसं ऐकायचं ते," म्हातारा म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

पंतोजींची कानशिलं तापली. मेहुणा इथे नव्हता, तरी इथेही तोच पुढे होता. ते पिशवी उचलणार, तेवढ्यात शेजारून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आला. आत जाताना एक, बाहेर येताना एक. कोणीतरी कष्टाने श्वास घेत होतं.

"साहेब... मी सांगतो. तुम्हालाच सांगतो."

सातव्या दाराची खिडकी उघडी होती. पंतोजी क्षणभर चक्रावले, आणि मग त्यांना चक्क आनंद झाला. मेलेल्याची खोली मेहुण्याने सीलसुद्धा केली नव्हती! तुरुंगवाल्यांनी तिथे दुसरा माणूस कोंडलाही! पहिल्याच दिवशी शिकवतात ती गोष्ट, आणि हा शहाणा ती विसरला. उद्या साहेबांच्या कानावर कसं घालायचं, त्याची वाक्यंसुद्धा त्यांच्या मनात तयार झाली. त्या खुशीत त्यांनी स्टूल सातव्या दारासमोर ओढलं आणि कागद मांडीवर घेतले.

आतला माणूस दिसत नव्हता. खिडकीमागे नुसता काळोख होता आणि त्यातून थंड हवा येत होती. पण बोलत होता फार छान. तुटक, थांबत थांबत, तरी एकही शब्द वाया न घालवता. हवालदार पहाऱ्यावरच चोरून सामान विकतो, हे मी बोललो. म्हणून मला इथे टाकलं. पंप काढून घेतला. मागितला की काठी दारावर आपटायचा. पंतोजी भराभर लिहीत होते. म्हणजे हवालदाराने दुसऱ्याही दमेकऱ्याचा पंप काढून घेतला होता, आणि हा दुसरा जिवंत साक्षीदार फक्त त्यांना सापडला होता. कितीतरी वर्षांत कोणी त्यांना असं आपणहून निवडलं नव्हतं. त्यांना मनापासून बरं वाटत होतं.

"किती दिवस चाललं हे?"

"सहा रात्री काढल्या, साहेब... सातवी निघाली नाही."

हेही त्यांनी लिहून टाकलं. दोन ओळी पुढे गेल्यावर त्यांचा हात जरासा अडला, पण तेवढ्यात आतून पुढचं वाक्य आलं.

"मी चिठ्ठी पाठवली होती. ऐकून घेणाऱ्या साहेबांना."

पेन थांबलं. बोळात शिळेसारखा तो श्वास तेवढा चालू होता. म्हणजे या कोठड्यांतून दोन पाकिटं गेली? की... पुढचा विचार पंतोजींनी केला नाही. ही ओळ काही त्यांनी लिहिली नाही.

"वाचून दाखवा ना," आवाज म्हणाला.

इतकी वर्षं टाळलेली गोष्ट, पण या माणसाला नाही म्हणवेना. पंतोजींनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. रिकाम्या बोळात त्यांचा आवाज घुमत होता. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं की आपण थांबलो की आतला श्वासही थांबतो, आणि आपण वाचायला लागलो की तो पुन्हा सुरू होतो.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे... एक ओळ राहिली. चिठ्ठीची."

"ती नंतर घालतो. आधी अंगठा दे."

खिडकीतून एक हात बाहेर आला. पंतोजींनी अंगठा धरून शाईच्या डबीवर टेकवला. अंगठा गार होता, माठाला हात लागावा तसा. आणि नखं शाई लागायच्या आधीपासूनच निळी होती... त्यांनी तो कागदावर दाबला. हात तसाच बाहेर राहिला.

"पुसायला रुमाल द्या ना साहेब... मागल्या खेपेला दिला होतात."

"मागल्या खेपेला?" पंतोजींनी यांत्रिकपणे खिशातला रुमाल त्या हातावर ठेवला. हात आत गेला. "मी नव्हे तो. माझा मेहुणा असेल. तुमचे ते ऐकून घेणारे साहेब."

"मेहुणा कोण?" आवाज म्हणाला. "मी नाही ओळखत... पंधरा वर्षं झाली असतील. दुसऱ्या तुरुंगात होतो, धोबीकामाला. माझा हात उकळत्या पाण्यात धरला होता तिथल्या पहारेकऱ्यांनी. तुम्ही आलात. सगळं लिहून घेतलंत आणि मला वाचून दाखवलंत. माझं बोलणं मला कोणी परत ऐकवलं नव्हतं, साहेब... अंगठा पुसायला स्वतःचा रुमाल दिलात. ऐकून घेणारे साहेब म्हणजे तुम्ही. दुसरं कोण?"

पंतोजींना तो धोबीखाना आठवला. वाफ आठवली, आणि एका तरण्या पोराचा सोललेला हात.

"चिठ्ठी आजोबांनी लिहिली. दाराखालून सरकवली, मी अंगठा केला... वाचून दाखवणार होते, तेवढ्यात काठीचा आवाज आला. वाचायची राहिलीच. बरोबर लिहिली का, ते मला कळलंच नाही..." श्वास आता फार लांबून आल्यासारखा येत होता. "तुमच्याकडे आहे ना ती? वाचून दाखवाल?"

किल्ल्यांचा खुळखुळाट झाला. शिपाई फाटक उघडत होता. पंतोजी स्टुलावरून उठले. त्यांनी विचारलं, सातव्या खोलीत कोणाला ठेवलंय? शिपाई त्यांच्याकडे बघतच राहिला. कोणालाच नाही, म्हणाला, तुमच्या साहेबांनी त्याच दिवशी सील करून टाकलीय. त्याने हातातली बॅटरी दारावर मारली. कडीवर कागदी पट्टी होती. ताटाची खिडकी बंद होती आणि तिच्यावरही आडवी पट्टी, चारी कडांनी चिकटलेली, तिच्यावर मेहुण्याची सुबक सही. पट्टी कुठेही फाटलेली नव्हती. पंतोजींनी हातातला कागद पाहिला. जबाब होता, अक्षर त्यांचंच होतं. अंगठ्याच्या जागी मात्र काही नव्हतं.

ते भिंत धरत बाहेर निघाले, तेव्हा आठव्या खोलीतून म्हातारा हळूच म्हणाला, "साहेब, आज चांगलं वाचलंत."

तिथून ते थेट कार्यालयात गेले. ड्रॉवर उघडला, पाकीट घेतलं आणि घरी आले. पाकीट आधी पातळ होतं, आता जरा फुगल्यासारखं वाटलं. दमट हवा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गोंद मात्र तसाच होता, कोणी उघडलेलं नव्हतं.

मेहुणा नुकताच येऊन बसला होता. बायको पानं घेत होती. पंतोजी उभ्याउभ्याच बोलले. अकरा दिवसांपूर्वी आलं, म्हणाले. तुझ्यासाठी आहे असं वाटलं, म्हणून दाबून ठेवलं. तुझं चांगलं मला बघवत नव्हतं. दोन दिवस ठेवणार होतो. एवढं बोलून त्यांनी पाकीट त्याच्या पानाशेजारी ठेवलं. बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली.

मेहुण्याने पाकीट अलगद कापून कागद ओढून काढला, पाकीट बाजूला ठेवलं, आणि कोणी न सांगता, सवयीनेच, मोठ्याने वाचायला लागला.

"साहेबांना नमस्कार. धोबीखान्यातला हात भाजलेला मी. तुम्ही मला ओळखणार नाही. तुम्ही तेव्हा माझा जबाब मला वाचून दाखवला होता. इथे हवालदाराने माझा पंप काढून घेतला आहे. रात्री श्वास पुरत नाही. मी जास्त दिवस काढणार नाही असं वाटतं. तुम्ही एकदा येऊन ऐकून जा. तुम्ही आलात की लोक घाबरतात. दुसरं मागणं नाही."

खाली अंगठा होता. धोबीखान्याची ती जुनी हकीकत ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती, नवख्यांना शिकवताना पंतोजी स्वतःच ती सांगत. मेहुण्याने मान वर केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर पंतोजींना सोपं गेलं असतं.

"दाजी, ही मला नव्हती."

"ठाऊक आहे."

"उद्या हे मला साहेबांपुढे ठेवावं लागेल. कुठे होतं, किती दिवस होतं, सगळं."

"ठेव. माझा जबाब तूच घे." पंतोजी खाली बसले. "आणि मला वाचून दाखव."

मेहुण्याने मान हलवली. मग, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्याने कागदावरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि कोणाला उद्देशून नव्हे, असं विचारलं, "बरोबर आहे?"

पंतोजी कान देऊन बसले होते. शेवटी त्यांनीच उत्तर दिलं. "बरोबर आहे."

बायकोने पदराने डोळे पुसले आणि पसारा आवरायचा म्हणून पाकीट उचललं. उचलताच ती थांबली. यात अजून काहीतरी आहे, म्हणाली. दोन बोटं आत घालून तिने ते बाहेर ओढलं आणि दिव्याखाली धरलं.

चारपदरी घडीचा पांढरा रुमाल होता. एका कोपऱ्याला निळ्या दोऱ्याची शिवण होती.

"अहो, हा तर आज सकाळी..." ती म्हणाली, आणि आपल्या हाताकडे बघत राहिली. रुमालाच्या मधोमध अंगठा पुसल्याचा डाग होता. शाई अजून ओली होती, आणि ती तिच्या बोटांना लागली होती.